दुष्काळ एक, इंग्रजी शब्द दोन

३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. यादीत सांगली जिल्ह्यातले चार तालुके होते: शिराळा, कडेगाव, खानापूर-विटा आणि मिरज. सातारा जिल्ह्यातले दोन, वाई आणि खंडाळा. जत नव्हतं, आटपाडी नव्हतं, कवठेमहांकाळ नव्हतं. माण आणि खटावही नव्हते. ज्या तालुक्यांचं नाव 'दुष्काळी' हा शब्द आधी लावल्याशिवाय आमच्याकडे कुणाच्या तोंडी येत नाही, ते सगळे बाहेर राहिले. चांदोलीच्या जंगलाला टेकलेला, भात पिकवणारा शिराळा मात्र आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विट्याच्या एसटी स्टँडवर उभी होते. शेजारच्या बाकड्यावर आटपाडीकडचे एक आजोबा बसले होते आणि एक पोरगा त्यांना पेपरातली यादी वाचून दाखवत होता. यादी संपली तरी आजोबा कान देऊन तसेच थांबले, पुढं आणखी नावं येतील म्हणून. मग म्हणाले, "आन् आपलं?" पोरगा म्हणाला, "आपलं न्हाई, बाबा." त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. टोपी काढली, मांडीवर झटकली आणि परत घातली.

पुढचे दहा दिवस निवेदनं आणि मोर्चे झाले. नोव्हेंबरात सरकारनं राज्यातल्या साडेनऊशेहून अधिक महसूल मंडळांना 'दुष्काळसदृश परिस्थिती' म्हणून सवलती लागू केल्या. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ, गरज पडेल तिथं टँकर. म्हणजे मदतीचं दार थोडं उघडलं, पण 'दुष्काळ' हा शब्द काही दिला नाही.

हे सगळं राजकारण आहे, असं तेव्हा मलाही वाटलं होतं. आमच्या भागात पाण्याच्या प्रत्येक गोष्टीत राजकारण असतंच, म्हणून तसं वाटणं सोपंही होतं. नंतर निकष नीट वाचले तेव्हा ध्यानात आलं की गोष्ट त्याहून खोल आहे. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेप्रमाणे आधी पावसाची तूट आणि पावसातला खंड बघतात. मग पेरा किती झाला, उपग्रहातून शिवार किती हिरवं दिसतं, जमिनीत ओल किती, धरणात आणि भूगर्भात पाणी किती, हे बघतात. शेवटी काही गावांत जाऊन पिकांची पाहणी होते. यातली बहुतेक मापं 'नेहमीच्या मानानं' काढलेली असतात. शिराळ्याची तुलना शिराळ्याच्या नेहमीच्या पावसाशी, जतची जतच्या.

हे मोजमाप चुकीचं नाही. त्याला एक प्रश्न विचारलेला आहे आणि त्याचं उत्तर ते देतं: यंदा पाऊस नेहमीपेक्षा किती कमी झाला? स्टँडवरच्या आजोबांचा प्रश्न दुसरा होता: यंदा आम्ही जगायचं कसं? इंग्रजीत पहिल्या प्रश्नाचा शब्द 'ड्राउट'. दुसरा प्रश्न जसजसा बिकट होत जातो, तसतसा त्याच्या टोकाला 'फॅमिन' हा शब्द उभा असतो. मराठीत दोन्हींना आपण दुष्काळ म्हणतो. माझं म्हणणं असं की ही केवळ भाषेची गंमत नाही. एका शब्दात दोन गोष्टी मावल्यामुळे आपण आभाळाची तक्रार माणसांच्या खात्यावर आणि माणसांची तक्रार आभाळाच्या खात्यावर टाकत आलो आहोत. त्यात नुकसान गरिबाचं होतं.

मी विट्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात आहेत. कुणी चेन्नईला, कुणी कोलकात्याला, कुणी केरळात. खानापूर-आटपाडीची माणसं अशी देशभर पांगली, त्याच्या मुळाशी कोरडवाहू जमीनच आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गाझात फॅमिन असल्याचं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या यंत्रणेनं जाहीर केलं. बातमी मी वर्गात इंग्रजीतून वाचून दाखवली आणि मुलांना शब्दाचा अर्थ विचारला. मुलांनी गाईड उघडलं. त्यात ड्राउट म्हणजे दुष्काळ आणि फॅमिन म्हणजेही दुष्काळ. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, तिकडं पाऊस झाला नाही का?"

तिची काहीच चूक नव्हती. आमच्या भागात दुष्काळ म्हटलं की नजर आधी वर जाते. ज्या गावाच्या वेशीवर अन्नाचे ट्रक अडवून धरलेत, त्या गावात दुष्काळ पडू शकतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. फॅमिन ठरवताना आज जगभर जे निकष लावतात त्यात पावसाचा उल्लेखही नाही. पाचातल्या एका कुटुंबाला अन्नाची टोकाची ददात, मुलांमधलं तीव्र कुपोषण ३० टक्क्यांच्या वर आणि रोज दहा हजार माणसांमागं भुकेनं किंवा त्यातून आलेल्या आजारानं दोन मृत्यू. मोजायचं ते ताटात, मुलाच्या दंडात आणि मसणवट्यात.

शब्दांची कुळंही हेच सांगतात. ड्राउट हा 'ड्राय' या शब्दाचा भाऊबंद, कोरडेपणाच्या घरातला. फॅमिन हा लॅटिनमधल्या 'फामेस' या शब्दावरून आलेला, म्हणजे भुकेच्या घरातला. आपल्याकडेही हे दोन वेगळे शब्द होते आणि अजून आहेत. पाऊस न पडणं म्हणजे अवर्षण. आणि दुर्भिक्ष म्हणजे ज्या काळात मागितली तरी भिक्षा मिळत नाही तो काळ. शेजाऱ्याच्या घरातही द्यायला काही उरलेलं नाही, ही स्थिती. भुकेच्या संकटाची इतकी नेमकी व्याख्या मला इंग्रजी कोशातही सापडली नाही. हा शब्द आज आपण 'चांगल्या शिक्षकांचं दुर्भिक्ष' अशा वाक्यांत वापरून बोथट करून टाकला.

राहिला दुष्काळ. दुष्काळ म्हणजे वाईट काळ, बस्स. लोकांच्या तोंडात या शब्दाचा अर्थ पावसाशी कधीच पक्का बांधलेला नव्हता. याचा पुरावा 'ओला दुष्काळ'. २०१९ च्या ऑक्टोबरात अवकाळी पावसानं तासगाव भागातल्या द्राक्षबागा झोडपल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी ओला दुष्काळ जाहीर करा, अशी मागणी केली. सरकारी संहितेत ही संज्ञा नाही, आणि इंग्रजीत 'वेट ड्राउट' म्हणाल तर ते ओलं कोरडेपण होईल. पण शेतकरी बरोबर बोलत होता. पाणी जास्त झालं की कमी झालं, हा त्याचा मुद्दाच नव्हता. वर्ष हातचं गेलं, देणेकऱ्यापुढं उभं राहायला तोंड राहिलं नाही, हा होता. म्हणजे लोक दुष्काळ म्हणतात तेव्हा माणसाच्या अवस्थेबद्दल बोलत असतात आणि सरकार दुष्काळ ऐकतं तेव्हा पर्जन्यमापकाकडे बघतं.

अवर्षणातून दुर्भिक्ष आपोआप येत नाही. मधे एक लांब वाट आहे आणि त्या वाटेवर माणसांचे निर्णय उभे असतात. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण सर रिचर्ड टेंपल या एकाच इंग्रज अधिकाऱ्याच्या आयुष्यात सापडतं. १८७३-७४ ला बिहारात पाऊस गेला. टेंपलनं ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, कामं काढली, आणि भूकबळी जवळजवळ पडलेच नाहीत. त्याबद्दल शाबासकी मिळायची सोडून त्याच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. तीनच वर्षांनी दख्खनेत आणि दक्षिणेत पाऊस गेला, तेव्हा व्हाइसरॉय लिटननं त्यालाच पाठवलं आणि या वेळी तो काटकसर दाखवायला आला. दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि वर किरकोळ पैसे. मुंबई इलाख्यात मजुरांनी या मजुरीवर काम सोडलं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू लावून धरली. त्याच काळात सुमारे ३ लाख २० हजार टन गहू इंग्लंडला रवाना झाला. १८७६ ते ७८ या काळात देशात ५० लाखांहून जास्त माणसं गेली. अवर्षण दोन्हीकडे होतं. फॅमिन एकाच ठिकाणी झालं.

१९४३ च्या बंगालचंही तेच. तिथं वीस ते तीस लाख माणसं मेली आणि अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये आकड्यांनिशी दाखवलं की त्या वर्षी बंगालात धान्य काही तेवढं कमी नव्हतं. धान्य होतं, ते विकत घ्यायची ताकद लोकांच्या हातातून गेली होती. हे समजायला अर्थशास्त्राचं पुस्तक उघडायची गरज नाही. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो, तिथं वाईट वर्षी एक फेरी मारावी. पाऊस गेला की चारा संपतो आणि कडब्याच्या पेंढीचा भाव चढतो. ज्याच्याकडे बैल आहे त्याला तो पोसवत नाही, म्हणून तो बैल बाजारात आणतो. पण त्याच आठवड्यात आणखी शंभर जणांनी आपापले बैल आणलेले असतात, म्हणून बैलाचा भाव पडतो. गेल्या वर्षी ज्या बैलजोडीच्या पैशात घरात वर्षाची ज्वारी आली असती, त्याच जोडीत यंदा चार महिन्यांची येत नाही. जनावर तेच, बाजार तोच, दोन भाव उलट्या दिशेनं गेले आणि मधे माणूस चिरडला. पुढं दागिना, मग शेळ्या, मग रानाचा तुकडा, मग घराला कुलूप. दावणीची जोडी विकलेल्या माणसाला पुढच्या वर्षी चांगला पाऊस झाला तरी पेरणीला औत मिळत नाही. पाऊस परत येतो, बैल परत येत नाही.

तुकोबांनी ही गोष्ट साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवली आहे. १६३० च्या आसपासच्या त्या भयंकर दुष्काळात त्यांची एक बायको 'अन्न अन्न' करत गेली. त्याबद्दलच्या अभंगात ते दुष्काळानं काय आटलं म्हणतात? पाणी म्हणत नाहीत. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें', द्रव्य आटलं म्हणतात, आणि लगेच म्हणतात 'नेला मान'. आधी पैसा गेला, मग पत गेली, मग माणूस गेलं. तुकोबा स्वतः वाणी होते, सावकारी आणि दुकान त्यांच्या घरात होतं. संकट कोणत्या क्रमानं घरात शिरतं हे त्यांनी आतून बघितलं होतं. आणि आमच्या जतपलीकडे मंगळवेढ्याला दामाजीपंतांची गोष्ट तर पोराटोरांना ठाऊक आहे. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारं लोकांना लुटू दिली. त्या गोष्टीत पाऊस पाडणारा कुणी संत नाही. धान्य गावातच होतं, कुलपात होतं, आणि एका अंमलदारानं कुलूप काढलं. फॅमिन म्हणजे काय, ते थांबतं कशानं, हे दोन्ही त्या गोष्टीत आहे.

स्वतंत्र महाराष्ट्रानं या शब्दाचं काय केलं, ते फार थोड्यांना माहीत आहे. १९६३ साली राज्यानं खास कायदा करून आपल्या सगळ्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला आणि त्याजागी 'स्केअर्सिटी', म्हणजे टंचाई, हा शब्द घातला. कारण असं दिलं की सरकारचं शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदत सुरू होते, तेव्हा फॅमिनला आता वावच उरलेला नाही. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. गोऱ्या सरकारच्या काळातल्या त्या शब्दाला मढ्यांचा वास होता. पण शब्द काढल्यानं एक जबाबदारीही निसटली. इंग्रजांच्या जुन्या फॅमिन कोडमध्ये, म्हणजे दुष्काळाच्या नियमावलीत, संकट येतंय हे ओळखायच्या खुणा दिलेल्या होत्या. उधार मिळेनासं होणं, धान्याच्या व्यापारात अचानक हालचाल वाढणं, चोऱ्यामाऱ्या वाढणं, चाऱ्यासाठी कळप नेहमीपेक्षा वेगळ्या वाटेनं निघणं, माणसं गाव सोडून भटकू लागणं, भिक्षा आटणं. शेवटचं म्हणजे शब्दशः दुर्भिक्ष. तो कोड निर्दयपणे राबवला गेला, याबद्दल दुमत नाही. म्हणूनच १८९६-९७ ला टिळकांना त्यातले हक्क मराठीत छापून शेतकऱ्यांपर्यंत न्यावे लागले. पण त्या निर्दय कोडचं लक्ष निदान माणसांवर आणि मेंढरांवर होतं. आजच्या संहितेचं लक्ष उपग्रहातून दिसणाऱ्या हिरव्या रंगावर आहे.

आता बहात्तर, म्हणजे १९७२ चा दुष्काळ. हा विषय निघाला की माझी आजी, आईची आई, माझ्यापुढं उभी राहते. तिचं सासर माणमधलं. बहात्तरला ती खडी सेंटरवर, म्हणजे सरकारनं काढलेल्या दगड फोडायच्या कामावर होती. तिच्या डाव्या हाताची तर्जनी नखाजवळ चपटी झालेली होती, दगड धरलेला असताना हातोडा बसून. लहानपणी मी ते बोट चाचपत झोपायचे. ती सांगायची, सकाळी मस्टरवर नाव लागलं की जिवात जीव यायचा. मुकादम नावं पुकारायचा तेव्हा बायका एकमेकींशी बोलायच्या नाहीत. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना फुटायची. पोरांना सुकडी मिळायची. ती आणलेली सुकडी आजी पदरात बांधून घरी न्यायची आणि आईला नि मामांना मूठमूठ द्यायची. "पानी हुतं गं इहिरीत," ती म्हणायची, "प्यायापुरतं हुतं. खायाला न्हवतं."

आमच्याकडचे जाणते सगळे असंच सांगतात. बहात्तरला अन्नाचा दुष्काळ होता, आताचा पाण्याचा आहे. म्हणजे ज्या फरकासाठी इंग्रजीला दोन शब्द लागले, तो आमच्या अक्षरशत्रू म्हाताऱ्यांनी एक 'चा' लावून केव्हाच केला होता. पाण्याचा, अन्नाचा, चाऱ्याचा. सरकारी कागदावर येताना तो 'चा' गळून पडतो.

बहात्तरला पिकं बुडाली, धान्य नव्हतं, तरीही मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत. कारण १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. ज्याला काम हवं त्याला सरकारनं काम द्यायचं, हा विचार मुळात आमच्याच मातीतला. वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६० ते ७८ ते विधान परिषदेचे सभापती होते. साठच्या दशकात तासगाव तालुक्यात त्याचे पहिले प्रयोग झाले, मग रोजगार हमी योजना आली, १९७७ ला तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि २००५ ला देशाच्या रोजगार हमी कायद्याला त्याची वाट मिळाली. पाग्यांनी पाऊस पाडायचा प्रयत्न केला नाही. अवर्षण आणि दुर्भिक्ष यांच्यामधला रस्ता त्यांनी अडवला. हे काम किती मोठं होतं, ते समजायला हे दोन शब्द मनात वेगळे असावे लागतात. नाहीतर आपण नुसतं म्हणतो, बहात्तरला मोठा दुष्काळ पडला होता. पडला तो अवर्षणाचा होता. फॅमिन पडू दिलं नाही, हे वाक्य कुणी म्हणत नाही.

उलट टोकाचं उदाहरणही आमच्या जिल्ह्यातून निघालं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. लातूरला तेव्हा टोकाचा ड्राउट होता. फॅमिन नव्हतं. गाडी भरताना मिरज स्टेशनवर बघ्यांची गर्दी व्हायची आणि प्रत्येकाला वाटायचं, आपण केवढं मोठं काम करतोय, ते होतंच. त्याच वर्षी मे महिन्यात, उच्च न्यायालयात प्रश्न आल्यावर, राज्य सरकारला आपल्या आदेशातल्या 'दुष्काळसदृश'च्या जागी 'दुष्काळ' असं वाचावं, अशी दुरुस्ती करावी लागली. शब्दासाठी लोक कोर्टात जातात, यावरूनच शब्दाला किती पैसा आणि किती हक्क चिकटलेले असतात ते दिसतं.

आता कुणी म्हणेल, बाई, आज कोण भुकेनं मरतंय? रेशन आहे, टेंभू उपसा योजनेचं पाणी आटपाडीत आलंय, डाळिंबं-द्राक्षं परदेशी जातात. फॅमिन हा शब्द उकरून कशाला काढायचा? जतमध्ये फॅमिन आहे, असं माझं म्हणणं अजिबात नाही. तसं म्हणणं त्या शब्दाचा आणि जे त्यात मेले त्यांचा अपमान होईल. माझं म्हणणं त्या मधल्या वाटेबद्दल आहे. बैल विकणं, खाजगी सावकार गाठणं, मुलीचं कॉलेज सोडवणं, एकाऐवजी तीन महिने आधी ऊसतोडीची उचल घेणं. ही वाट मोजायला आपल्याकडे मापच उरलेलं नाही, कारण शब्द एकच आणि तो पावसाला दिलेला.

टेंभूचंच घ्या. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून वर आणायचं म्हणजे वीज लागते. वीजबिल थकलं म्हणून आवर्तन लांबलं किंवा पंप बंद राहिले, असं ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांच्या बाबतीत वेळोवेळी झालेलं आहे. त्या महिन्यांत रानात बाग वाळते. दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'दुष्काळाच्या झळा तीव्र'. पण पाणी नदीत आहे, पंप आहे, पाईप आहे, फक्त बटण बंद आहे. याला अवर्षण म्हणता येणार नाही. हा दामाजीपंतांच्या कुलपाचा प्रकार आहे. पण 'दुष्काळ' म्हटलं की बोट आभाळाकडे जातं आणि आभाळाला कुणी जाब विचारत नाही.

माणला मी नेहमी महाबळेश्वरशेजारी ठेवून बघते, कारण दोन्ही एकाच जिल्ह्यात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. माणला पाचशेच्या आतबाहेर. महाबळेश्वरला निम्माच झाला तर ते मोठं अवर्षण, तरी तो माणच्या पाचपट. माणला पाचशे झाला तर कागदावर सगळं ठीक. या कायमच्या कमी पावसाला इंग्रजीत आणखी तिसरा शब्द आहे, ॲरिडिटी. ड्राउट हा येतो आणि जातो. माणचं कोरडेपण कुठं जात नाही, ते तिथंच राहतं. म्हणून 'कायम दुष्काळी तालुका' हा आमचा शब्दप्रयोग मला फार खटकतो. कायम असेल तर ते संकट नाही, तो मुलूख आहे, आणि मुलखाला दरवर्षीच्या मदतीपेक्षा पिकाची, पाण्याची आणि धंद्याची वेगळी व्यवस्था लागते. 'कायम दुष्काळी' म्हणत राहिल्यानं एक पिढी मदतीच्या यादीकडे डोळे लावून बसली, आणि यादीनं २०२३ ला सांगितलं, तुम्ही नेहमीसारखेच कोरडे आहात, त्यात नवीन काय?

माझी मागणी साधी आहे. पाऊस कमी झाला की सरकारनं अवर्षण जाहीर करावं. 'अवर्षणप्रवण क्षेत्र' हा शब्द सरकारी कागदांत पूर्वीपासून आहे, नवीन काही घडवायचं नाही. बोलताना लोक 'पावसानं ओढ दिली', 'पाऊस गेला' म्हणतील आणि ते पुरेसं आहे. दुष्काळ हा शब्द मात्र माणसांच्या अवस्थेसाठी राखावा आणि त्याची मापं माणसांकडून घ्यावीत. रोजगार हमीवर काम मागणाऱ्यांची संख्या गावागावात किती वाढली आणि मागितल्यावर किती दिवसांनी काम मिळालं. बाजारात जनावराचा आणि कडब्याचा भाव कोणत्या दिशेनं चालला आहे. मेंढरं केव्हा आणि कुठं निघाली. शाळेच्या पटावरून मधेच किती नावं गेली. किती घरांना कुलूप आहे. यातली बरीच माहिती तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक आणि बाजार समिती यांच्याकडे आजही असते. ती कुणी एकत्र मागत नाही. या मापानं शिराळ्यात अवर्षण आणि जतमध्ये दुष्काळ, असं एकाच वर्षी निघू शकेल. दोन्ही खरं असेल आणि दोन्हींचं औषध वेगळं असेल.

यात धोका आहे, हे मी मान्य करते. माणसांची मापं फुगवता येतात, पर्जन्यमापक फुगवता येत नाही. गावात मस्टरवर खोटी नावं लागतात, हे मलाही दिसतं. पण पर्जन्यमापक खोटं बोलत नसला तरी त्याला विचारलेल्या प्रश्नापलीकडे तो काही सांगतही नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी अकरावीच्या मुलांना एक काम दिलं होतं. आपापल्या वाडी-वस्तीतल्या घरांची यादी करायची, कुलूप असेल त्या घरापुढं ते का आहे ते इंग्रजीत एका वाक्यात लिहायचं. गाझाचा प्रश्न विचारणारी ती मुलगी आटपाडीकडची. तिनं पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं वस्तीचा नकाशाच काढून आणला, कडुलिंबासकट. इंग्रजी वाक्य तिला जमलं नव्हतं, म्हणून कुलपांपुढं मराठीतच लिहिलं होतं. गलाईला, केरळ. ऊसतोडीला, अजून आले नाहीत. पुण्याला कंपनीत. मेंढरं घेऊन खाली. ओढ्याकडच्या शेवटच्या घरापुढं तिनं आधी काहीतरी लिहून खोडलं होतं. त्याच्या शेजारी लिहिलं होतं, "शेळ्या विकल्या तेव्हापासून दिसले नाहीत."